रात्रीत वाळेल तेवढेच घ्या : बेळगावहून दमट देशात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या वडगावातून अलीकडे श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम, बालीला जाणारी घरे वाढली आहेत. पासपोर्ट पहिल्यांदाच काढलेला, विमानात पहिल्यांदाच बसायचे, सोबत सासू-सासरे आणि शाळेतली पोरे. निघायच्या चार दिवस आधी कोणीतरी येऊन बसते आणि म्हणते, "काय काय घ्यायचं ते जरा सांगा की." मी त्यांच्या घरी जाऊन भरलेली बॅग उघडायला लावतो. बहुतेक वेळा सगळ्यात वर स्वेटर असतो. "फॉरेनला थंडी असतंय की," असे घरातल्या आक्का सांगतात. त्यांचे चुकत नाही. आजवर परदेशाहून आलेले फोटो अमेरिकेतल्या भाच्याचे किंवा लंडनच्या जावयाचे होते आणि त्यांत सगळे जाड कोट घालून उभे होते.

आता नकाशा बघा. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण सोळा अंशांवर आहे आणि बँकॉक आपल्यापेक्षा जेमतेम दोन अंश दक्षिणेला. म्हणजे उष्ण कटिबंधात आपण जन्मापासूनच राहतो. तरी तिकडे गेल्यावर जीव कासावीस होतो, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातही आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटतो आणि अंगावरचा घाम सुकतो. बँकॉक, कोलंबो, हो ची मिन्ह ही शहरे जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहेत. तिथे पारा ३२-३३ वर असला तरी घाम सुकतच नाही. धुतलेला कपडा सकाळी हाताला ओलाच लागतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांना हे लगेच समजेल. आषाढात घरातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, तसे तिथे बारा महिने होऊ शकते. फरक एवढाच, की आपला पाऊस गार असतो आणि तिथला कोमट.

म्हणून तयारी करायची ती दमट हवेची. मी सगळ्यांना एकच कसोटी सांगतो : जे रात्रीत पंख्याखाली वाळत नाही, ते बॅगेत घालू नका. पण बॅगेच्या आधी कागद, आणि आपल्या भागात खरी अडचण तिथेच येते.

चार महिने आधी : पासपोर्ट आणि नावाची स्पेलिंग

बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिथली तारीख लांबची मिळत असेल तर हुबळीला जाता येते. अर्ज देशात कुठल्याही केंद्रात करता येतो, त्यामुळे चंदगड-गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांनाही बेळगाव चालते. पोलीस पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते. प्रौढांच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आणि मुदत दहा वर्षे, लहान मुलांची मुदत पाच वर्षे.

अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचे आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, एसएसएलसीचे (दहावीचे) मार्क्स कार्ड आणि जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. सीमाभागात हे का करावे लागते, तर आपले नाव दोन वाटांनी इंग्रजीत जाते. शाळेच्या दाखल्यावर ते मराठीतून गेलेले असते, इतर कागदांवर बऱ्याचदा कन्नडमधून. परशराम हे आपल्याकडचे नाव घ्या. एका कागदावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम. यल्लाप्पा एकीकडे दोन 'एल'चा, दुसरीकडे एका 'एल'चा. लक्ष्मीचे तर तीन प्रकार मी एकाच घरात पाहिले आहेत. आडनावाचेही तसेच. मराठी रिवाजाने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असते, आणि काही कागदांवर नुसती आद्याक्षरे पुढे लावून नाव संपवलेले असते.

तफावत दिसली तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग पासपोर्टचा अर्ज. उलट केले तर दोन्हीकडे हेलपाटे पडतात. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही हे उशिरा पाहिले आणि ठरलेली तारीख हुकून सगळा प्रवास दोन महिने पुढे ढकलावा लागला.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणे थांबवले. पुढेमागे कुठे जायचे ठरेल हे आज कोण सांगणार? रकाना आत्ताच भरलेला बरा.

'जन्मस्थळ' या रकान्याविषयी नेहमी विचारतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक स्पेलिंग आहे आणि नव्यांवर दुसरे. चालू पासपोर्टवर जुने असेल तर घाबरू नका, मुदत संपेपर्यंत तो चालतो. फक्त व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर आहे तेच उतरवा. 'बरोबर काय' याचा विचार तिथे करायचा नाही. तिकिटाचेही तेच. पासपोर्टवरच्या नावाच्या रकान्यात तुमच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असेल, तर तिकिटावर दोन्ही आले पाहिजेत. लग्नानंतर नाव बदलले पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, तर तिकीटही माहेरच्याच नावाचे.

दहावी न झालेल्या माणसांच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा, म्हणजे परदेशी जाताना तपासणी हवी असा, शिक्का येतो. ५० वर्षांवरील लोकांना तो लागत नाही, तेव्हा आजी-आजोबांची काळजी नको. काळजी तिशी-चाळिशीतल्या शेतकरी भावांची. हा शिक्का नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे, आणि तो ज्या १८ देशांसाठी लागू आहे त्यांच्या यादीत थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. फिरायला जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही, पण विमानतळावर प्रश्न जास्त विचारले जातात. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि पैशांची सोय दाखवणारे कागद छापून हातात ठेवा. दहावी झाला असाल तर अर्जाबरोबर मार्क्स कार्ड जोडा, शिक्का येणारच नाही.

परतीनंतर पासपोर्टची मुदत किती उरते, तेही मोजा. या भागातले बहुतेक देश प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक मागतात.

व्हिसाचे थोडक्यात. थायलंड आणि मलेशिया या दोघांनी २०२३ च्या अखेरीपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली, पण अशा सवलती मुदतीच्या असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा. दोन्हीकडे येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरावे लागते. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारे पान उघडले असेल तर ते सरकारी नव्हे, बंद करा. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदा प्रवेशासाठी २५ डॉलरचा, आणि त्यात एक अक्षर चुकले तरी विमानात बसू देत नाहीत. इंडोनेशियाचा तीस दिवसांचा व्हिसा पाच लाख रुपियांचा. आकडा ऐकून दचकू नका, तो त्यांचा रुपिया आहे.

तिकीट काढण्याआधी : त्यांचा पाऊस कधी आणि आपली सुट्टी कधी

आपल्या पोरांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते. कोल्हापूर-सांगलीच्या मामेभावंडांना दिवाळीला. दोन्ही घरांनी मिळून जायचे तर उरतो तो एप्रिलअखेर ते मे, आणि त्यातही आपली शाळा त्यांच्या आधी उघडते. तेव्हा आधी दोन्हीकडची शाळेची पत्रके समोर घ्या.

त्यानंतर पाऊस. सगळे उष्ण देश एकाच वेळी भिजत नाहीत. बालीचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्या एप्रिल-मेच्या सुट्टीत तिथे कोरडे. थायलंडचा मोठा भाग मेपासून ऑक्टोबरपर्यंत भिजतो, पण को सामुई बेट ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. श्रीलंकेत दोन पाऊस आहेत : कोलंबो-गॉलच्या बाजूला मे ते सप्टेंबर, त्रिंकोमालीच्या बाजूला वर्षाच्या शेवटी. व्हिएतनाम लांबच लांब देश आहे, त्याचे तीन भाग तीन तऱ्हांनी वागतात. दसऱ्याच्या सुट्टीत दा नांग आणि होई आनला जाऊ नका असे मी स्पष्ट सांगतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले पुराचे दिवस. हनोईला जानेवारीत खरोखर थंडी असते. तिथे, आणि श्रीलंकेतल्या नुवारा एलियासारख्या जवळजवळ १९०० मीटर उंचीच्या गावी, आक्कांचा स्वेटर कामाला येतो. एकच, पातळ.

महिनाभर आधी : डॉक्टर

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि देश, महिना, दिवस सांगा. अ-काविळीची (हिपॅटायटिस ए) आणि टायफॉइडची लस घ्यावी का, धनुर्वाताचे इंजेक्शन होऊन किती वर्षे झाली, हे विचारा. टायफॉइडची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी लागते. आफ्रिकेतल्या केनिया, युगांडासारख्या देशात जायचे असेल तर हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचा विषय आवर्जून काढा, आणि पीतज्वराची लस तर हवीच. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. आपल्याला जवळचे केंद्र गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि मग ते जन्मभर चालते. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात.

आग्नेय आशियात मोठी भीती डेंग्यूची. आपण डास म्हटले की संध्याकाळी दारे लावतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार उतरल्यावर जास्त. म्हणून डास पळवणारे मलम नाश्त्याच्या वेळीच लावायचे. डबीवर डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के लिहिले आहे का पाहा. आधी उन्हाचे क्रीम, ते मुरले की वरून डासांचे.

औषधांची पिशवी घरीच करा. रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या, मूळ पाकिटात. सगळ्या गोळ्या एका डबीत ओतून नेऊ नका, विमानतळावर त्यांना नाव उरत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी, कोडीनचे खोकल्याचे औषध यांवर अनेक देशांत कडक बंधने आहेत, फार गरज नसेल तर घरीच ठेवा. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात नाही. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. आणि ओआरएस, माणशी निदान चार पाकिटे. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धे पाकीट पेल्यात असे करू नका.

दोन आठवडे आधी : एक दिवस कारवारला

हे मी ज्यांना सांगितले त्यांनी परत आल्यावर मुद्दाम येऊन बरे झाले म्हटले. नेणार ते कपडे, तीच चप्पल घाला आणि एक दिवस कारवार किंवा म्हापशाला जा. मंदिर, बाजार, समुद्रकिनारा असे सहा-सात तास चाला. घरी आल्यावर कळते की कुठला शिवणीचा काठ काचतो, कुठली चप्पल पाय सोलते, सासूबाईंना किती वेळाने बसावे लागते आणि धाकट्याला दिवसात किती पाणी लागते. बेळगावात चालून यातले काही कळत नाही.

आठवडाभर आधी : बॅग

आमच्या पहिल्या श्रीलंका प्रवासात मी दोन जीन्स नेल्या होत्या. पहिली दुसऱ्या दिवशी पावसात भिजली आणि सातव्या दिवशी घरी आली तेव्हाही ओलसर होती. तिच्या वासाने सगळी बॅग धुवावी लागली. तेव्हापासून जीन्स नेत नाही.

सात दिवसांना चार जोड पुरतात, कारण रोज रात्री धुवायचेच आहे. जाड सुती कपडा घाम शोषतो पण सोडत नाही. पातळ सुती, लिनन किंवा खेळाडू वापरतात तसे झटपट वाळणारे कापड घ्या. रंग फिका, माप सैल. बायकांसाठी पातळ सुती सलवार-कमीज सगळ्यात सोयीची. साडीच नेसायची असेल तर साडी वाळते, जाड सुती परकर वाळत नाही, म्हणून परकर पातळ कापडाचा शिवून घ्या. बाह्या लांब असलेल्या बऱ्या, ऊन आणि डास दोन्ही अडतात. थायलंडच्या राजवाड्यात, श्रीलंकेतल्या बुद्धमंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तो अपमान मानतात.

आतले कपडे मात्र मोजून नेऊ नका, भरपूर घ्या. दमट हवेत मांड्या घासून सोलवटतात आणि गजकर्ण लगेच धरते. मोठी माणसे लाजून सांगत नाहीत आणि चालणेच बंद करतात. अंग कोरडे करून पावडर, घासणाऱ्या जागी थोडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, आणि संध्याकाळी हॉटेलवर आल्याबरोबर आंघोळ. घरातल्या मोठ्यांना हे निघायच्या आधीच मोकळेपणाने सांगा.

आता पंचा. टर्किश टॉवेल घरी ठेवा आणि माणशी दोन पंचे घ्या. घाम पुसायला, उन्हात डोक्यावर, बसच्या एसीत गळ्याभोवती, बालीच्या मंदिरात कमरेला गुंडाळायला. रात्री पिळून टाकला की सकाळी वाळलेला. एवढ्या थोड्या जागेत इतकी कामे करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

पायात मागे पट्टा असलेली रबरी तळव्याची सँडल. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा. अथणी आणि निपाणीच्या कारागिरांचा त्यात हात आहे, २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, त्या चपलेचा मला अभिमान आहे आणि म्हणूनच सांगतो : ती कोरड्या मातीची चप्पल आहे, तिथल्या पावसात तिचे चामडे फुगते. चामड्याचे बूटही नकोत.

रेनकोटपेक्षा घडीची छत्री. आपल्या गार पावसात रेनकोट ऊब देतो, तिथे आतूनच घामाने भिजवतो. मोटारसायकलवर बसणार असाल तरच पातळ रेनकोट. त्या गाडीसाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पण भारताचा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातलाच मानतो, म्हणजे तिथे तो उपयोगी नाही. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमाही पैसे देत नाही. विमा मात्र प्रत्येकाचा काढाच, आणि वयस्कांच्या जुन्या आजारांची नोंद त्यात खरी करा.

बारीकसारीक : नायलॉनची दोरी आणि चिमटे, साबणाची वडी, झिपच्या प्लास्टिक पिशव्या, नव्या बुटांच्या खोक्यातून निघतात ती सिलिका जेलची पुडकी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारे पाकीट. आपले दोन गोल पिनांचे चार्जर थायलंड, व्हिएतनाम आणि बालीत बहुधा बसतात, मलेशिया-सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात अजिबात नाही.

सोने कमीत कमी. मंगळसूत्र आणि एखादी अंगठी ठीक. पाटल्या-बांगड्या नेणारच असाल तर निघताना सीमाशुल्काकडून नोंदीचा दाखला घ्या, नाहीतर परत येताना ते इथलेच असल्याचे सिद्ध करावे लागते.

डबा

मासे-मटण खाणाऱ्यांचे तिथे छान चालते. शाकाहारी माणसांनी एवढे लक्षात ठेवावे, की थायलंड-व्हिएतनाममध्ये माशाचा रस आपल्याकडच्या मिठासारखा वापरतात, नुसत्या भाजीतही असतो. व्हिएतनाममध्ये 'चाय' म्हटले की शाकाहारी, थायलंडमध्ये 'जे'. हे शब्द मोबाइलमध्ये त्यांच्या लिपीत साठवून दाखवा.

घरून न्यायला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या तोडीचे काही नाही. कडक भाकरी आपल्या हवेत महिनाभर राहते. तिथे उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत मऊ पडते, म्हणून चार-चार भाकऱ्यांच्या वेगळ्या हवाबंद पिशव्या करा आणि एका वेळी एकच फोडा. भडंगाचेही तसेच. गोड म्हणून गोकाकचा करदंट न्या. कुंदा नेऊ नका, खव्याचा पदार्थ त्या उकाड्यात टिकत नाही. संकष्टी येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू.

काही गोष्टी नकोतच. खोबऱ्याची वाटी चेक-इन सामानात बंद आहे, तेलामुळे पेट घेते म्हणून. सिंगापूर किंवा दुबईवरून जाणार असाल तर खसखस कशातही नको, अनारशांवरचीसुद्धा. लोणचे हातातल्या बॅगेत काढून घेतात, नेलेच तर खालच्या सामानात दोन पिशव्यांत बांधून. ताजी फळे, बियाणे, मांस नाही. आणि निपाणी भागातल्या माझ्या मंडळींना कळकळीने सांगतो : तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री घेऊन निघू नका. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर पूर्ण बंदी आहे, श्रीलंकेनेही २०१६ मध्ये ती बंद केली.

पैसे आणि फोन

फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन भरून घेतलेले कार्ड), थोडे कोरे करकरीत डॉलर, आणि विमानतळावर टॅक्सीपुरते तिथले चलन. भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. श्रीलंका, मॉरिशस आणि सिंगापूरमध्ये काही दुकानांत यूपीआय चालते, पण त्यावर विसंबू नका. बँकेचे ओटीपी येण्यासाठी इथल्या सिमचे रोमिंग निघण्याआधी सुरू करा. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोन फोनमध्ये हवेत, एका नव्हे.

निघताना : घरापासून विमानतळापर्यंत

सांब्र्याच्या आपल्या विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही, त्यामुळे मुंबई, बेंगळुरू किंवा गोवा यांपैकी एक. गोव्याचे तिकीट असेल तर दाबोळी की मोपा हे नीट वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर दुसरे गाठायला तास-दीड तास सहज जातो आणि विमान हुकते. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात धुके आणि दरडी, म्हणून जून ते सप्टेंबर आदल्या दिवशीच घाट उतरून गोव्यात मुक्काम करा.

मुंबईला जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये महामार्गाचा भरवसा धरू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला आणि पुढे शिरोलीला पाणी येऊन रस्ता बंद झाला होता. सीमेवर वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्याही थांबतात. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास किंवा डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असताना निघायचे असेल, तर रेल्वेचे तिकीट काढा आणि मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मुंबईत आत्याकडे एक रात्र राहणे हे चुकलेल्या विमानापेक्षा किती स्वस्त, हा हिशेब सोपा आहे.

तिथले पहिले दोन दिवस

शरीराला दमट हवेची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस सकाळी लवकर बाहेर पडा, बारा ते तीन खोलीत, पुन्हा चारनंतर. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, बाटलीबंद किंवा उकळलेले. नुसत्या पाण्याने घामातले मीठ भरून निघत नाही, म्हणून दिवसातून एकदा मिठाचे लिंबूपाणी किंवा शहाळे. आजी-आजोबा गप्प झाले, डोके दुखते म्हणाले, घाम येणे थांबले, तर लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या पंच्याने अंग पुसा आणि बोलण्यात गोंधळ वाटला तर थेट दवाखाना गाठा. बाहेरून घामेजून एसीत शिरण्याआधी अंग पुसा. 

रोज रात्री धुणे पिळून पंच्यात गुंडाळायचे, वरून दाबायचे आणि मग दोरीवर पंख्याखाली. पंच्यात दाबल्याने बरेच पाणी निघते. ओला कपडा शेवटच्या दिवशी बॅगेत भरावाच लागला तर वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, आणि घरी पोचल्यावर पहिल्यांदा ती पिशवी उघडायची. बॅग दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, चाके आणि कोपरे झाडून घ्या.

परतल्यानंतर दोन आठवड्यांत कोणाला ताप आला, तर दवाखान्यात गेल्या गेल्या कुठल्या देशातून, कोणत्या तारखेला आलात ते सांगा, डॉक्टरांनी विचारण्याआधी. आफ्रिकेतून आला असाल तर वर्षभर प्रत्येक तापाला हे सांगायचे, हिवताप उशिरानेही उठतो.